दुसऱ्याचे ऐकून घेण्याचे शिक्षण

कुरआनच्या सूरह अल्-अंबियामध्ये (२१:७८-७९) एका खटल्याचा उल्लेख आहे. काही लोकांच्या मेंढ्या रात्रीच्या वेळी दुसऱ्याच्या शेतात शिरल्या आणि उभे पीक फस्त करून गेल्या. तक्रार प्रेषित दाऊद (अ.) यांच्यापुढे आली. भाष्यकारांच्या नोंदीनुसार दाऊद (अ.) यांनी भरपाई म्हणून तो कळप शेतमालकाला देण्याचा निर्णय दिला. त्यांचे पुत्र सुलैमान (अ.) यांनी दुसरा मार्ग सुचविला. शेत पूर्ववत होईपर्यंत मेंढपाळाने शेताची मशागत करावी, तोपर्यंत शेतमालकाने मेंढ्यांचे दूध व लोकर वापरावी, आणि पीक पुन्हा उभे राहिले की प्रत्येकाची वस्तू प्रत्येकाला परत मिळावी.

कुरआन सांगतो की या प्रकरणाची अचूक समज अल्लाहने सुलैमान (अ.) यांना दिली, आणि लगेच पुढे हेही सांगतो की निर्णयशक्ती व ज्ञान दोघांनाही दिले होते. पहिला निर्णय अन्यायाचा नव्हता. दुसऱ्या निर्णयात एक गोष्ट अधिक होती. शेतकऱ्याचे नुकसान भरून निघताना मेंढपाळाच्या घरची चूल विझू नये, हाही विचार त्यात होता. एकच प्रश्न दोन्ही जागी उभे राहून पाहिला की असा निर्णय सुचतो.

वाचकहो, आपल्या मुलांना ही दृष्टी कोण शिकविते? शाळेत उत्तर पाठ करायला शिकवितात, घरी आज्ञा पाळायला शिकवितात, आणि मोबाइलवर आलेला मजकूर न तपासता पुढे पाठवायला तर कोणी शिकवावेच लागत नाही. पहिला आवाज कानी पडताच निकाल देण्याची सवय अशा रीतीने बालपणीच जडते. आपल्याविषयी कोणी न विचारता, न ऐकता मत बनविले की त्याचे दुःख काय असते, हे मुस्लिम कुटुंबांना निराळे सांगण्याची गरज नाही. परंतु ज्या वागणुकीची आपण इतरांकडून अपेक्षा करतो, ती आपल्या मुलांच्या अंगी आहे काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारलाच पाहिजे.

ऐकणे ही न्यायाची पहिली अट

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी माननीय अली (र.) यांना न्यायदानासाठी यमनला पाठविले, तेव्हा ते वयाने तरुण होते. आपल्याला न्यायदानाचा अनुभव नाही, अशी चिंता त्यांनी व्यक्त केली. त्या वेळी प्रेषितांनी (स.) त्यांना दिलेली शिकवण अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या हदीससंग्रहांत आली आहे. तिचा आशय असा की दोन पक्ष समोर आले असता पहिल्याचे जसे ऐकले तसे दुसऱ्याचेही ऐकल्याखेरीज निर्णय देऊ नये. निर्णय स्पष्ट होण्याचा तोच मार्ग आहे. या उपदेशानंतर आपल्याला न्यायदानात कधी संभ्रम पडला नाही, असे अली (र.) सांगत.

सूरह अल्-हुजुरातमध्ये (४९:६) श्रद्धावंतांना आज्ञा आहे की एखादा अविश्वसनीय मनुष्य वार्ता घेऊन आला तर ती तपासून पाहावी, अन्यथा अज्ञानापोटी एखाद्या समूहाला इजा पोहोचेल आणि मग पश्चात्ताप करावा लागेल. सूरह अन्-निसामध्ये (४:१३५) याहून कठीण आज्ञा आहे. न्यायावर ठाम राहावे, मग ती साक्ष स्वतःच्या, मातापित्यांच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध का जाईना. आणि समोरचा श्रीमंत आहे की गरीब, याने साक्ष बदलू नये. सूरह अल्-माइदा (५:८) एक पाऊल पुढे जाते. एखाद्या समूहाविषयी मनात असलेल्या वैरामुळेही न्याय सोडता कामा नये, असे ती बजावते.

ही शिकवण केवळ शब्दांत राहिली नाही. सूरह अन्-निसाच्या १०५व्या आयतीपासून पुढील आयतींच्या संदर्भात भाष्यकारांनी एक प्रसिद्ध वृत्तांत दिला आहे. मदीनेत चिलखताची चोरी झाली. चोर मुस्लिम समाजात वावरणारा होता. परंतु त्याने चोरीचा माल अशा रीतीने हलविला की संशय एका यहुदी व्यक्तीवर गेला. चोराचे भाऊबंद त्याच्या बाजूने रदबदली करू लागले. त्यांची संख्या मोठी होती, त्यांचे बोलणे प्रभावी होते आणि समोरचा माणूस आपल्यापैकी नव्हता. अशा वेळी ईशवाणी अवतरली, ती त्या यहुदी व्यक्तीचे निर्दोषत्व स्पष्ट करणारी आणि अपराध्याची वकिली न करण्याचा आदेश देणारी. न्यायाच्या आड आपला-परका हा भेद येऊ नये, हे शिकविण्यासाठी याहून समर्पक धडा कोणता असेल?

मतभेदाला जागा देणारी परंपरा

एका प्रश्नाकडे दोन प्रामाणिक माणसे वेगवेगळ्या रीतीने पाहू शकतात, हे मुलांना समजावे यासाठी सीरतमधील एक प्रसंग प्रत्येक वर्गात सांगण्यासारखा आहे. खंदकाच्या युद्धानंतर, हिजरी सन ५ मध्ये, प्रेषितांनी (स.) सहाबांना आदेश दिला की बनू कुरैजाच्या वस्तीत पोहोचल्याशिवाय कोणी अस्रची नमाज अदा करू नये. वाटेतच नमाजची वेळ झाली. काहींनी आदेशाच्या शब्दांवर बोट ठेवले आणि तेथे पोहोचेपर्यंत नमाज पुढे ढकलली. इतरांना वाटले की प्रेषितांचा हेतू त्वरेने निघण्याचा होता, नमाज लांबविण्याचा नव्हता. त्यांनी वाटेतच नमाज अदा केली. पुढे ही हकीकत प्रेषितांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी दोहोंपैकी कोणत्याही गटाला दोष दिला नाही. हा वृत्तांत बुखारीत आहे. एका गटाने शब्द पाहिला, दुसऱ्याने हेतू पाहिला. दोघांच्याही मनात आज्ञापालनच होते.

दुसरा प्रसंग माननीय उमर (र.) यांच्या खिलाफतीतील आहे. ते शामकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना प्लेगच्या साथीची वार्ता समजली. पुढे जावे की परतावे? त्यांनी प्रथम मुहाजिरांना बोलाविले. त्यांच्यात दोन मते पडली. मग अन्सारांना बोलाविले. त्यांच्यातही दोन मते पडली. नंतर मक्काविजयाच्या काळातील कुरैशच्या ज्येष्ठांना विचारले. त्यांनी एकमुखाने परतण्याचा सल्ला दिला. उमर (र.) यांनी परतण्याची घोषणा केली. त्यावर अबू उबैदा (र.) यांच्यासारख्या थोर सहाबींनी खलिफांनाच प्रश्न केला की हे अल्लाहच्या नियतीपासून पळणे नव्हे काय? उमर (र.) यांनी त्यांना गप्प बसविले नाही. एका दरीची एक बाजू हिरवीगार आणि दुसरी ओसाड असेल तर उंट कोठे चाराल, असे विचारून त्यांनी समजाविले की दोन्ही बाजू अल्लाहच्याच नियतीत आहेत. अखेरीस अब्दुर्रहमान बिन औफ (र.) आले. ते आधीच्या सल्लामसलतीत उपस्थित नव्हते. साथीच्या प्रदेशात जाऊ नये आणि तेथे असल्यास तेथून पळून बाहेर पडू नये, ही प्रेषितांची शिकवण त्यांच्याजवळ होती.

शिक्षकांनी या प्रसंगातील क्रम ध्यानात घ्यावा. वेगवेगळ्या गटांना स्वतंत्रपणे विचारणे, मतभेद उघडपणे मांडू देणे, निर्णय घेणे, निर्णयानंतरही प्रश्न ऐकून घेणे, आणि सर्वांत महत्त्वाची माहिती कदाचित अनुपस्थित माणसाजवळ असेल हे जाणणे. वर्गातील चर्चेचा आराखडा याहून वेगळा असण्याचे कारण नाही.

इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या अभ्यासमंडळात शिष्य गुरूशी वाद घालीत. अबू यूसुफ (रह.) आणि मुहम्मद बिन हसन (रह.) या त्यांच्या शिष्यांनी अनेक प्रश्नांवर गुरूहून भिन्न मत दिले, आणि हनफी ग्रंथांनी ती मते गुरूच्या मताशेजारी जपून ठेवली. इब्ने रुश्द (रह.) यांचा ‘बिदायतुल मुज्तहिद’ हा ग्रंथ तर याच कामासाठी आहे. प्रत्येक प्रश्नावर फकीहांची मते कोणती आणि ती भिन्न का झाली, याची कारणे त्यात दिली आहेत. कोण काय म्हणाला एवढ्यावर न थांबता तो तसे का म्हणाला, हे विचारायची सवय आपल्या विद्वानांनी शतकानुशतके जोपासली.

सीमा कोठे आहे?

येथे अनेक पालकांच्या मनात शंका येते. मुलांना सर्व बाजू पाहायला शिकविले तर सर्वच बाजू खऱ्या, असे ते मानू लागणार नाहीत काय? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर स्पष्ट असले पाहिजे.

वर्गात येणारे प्रश्न तीन प्रकारचे असतात. काही प्रश्न वस्तुस्थितीचे असतात. अमुक घटना घडली की नाही, कोणत्या दिवशी घडली, यावर मते मागवायची नसतात. पुरावा पाहायचा असतो. काही प्रश्न श्रद्धेच्या मूलाधारांचे असतात. तौहीद, रिसालत आणि आखिरत या गोष्टी हात वर करून ठरत नाहीत. त्या ज्ञानाने व चिंतनाने समजून घ्याव्या लागतात. तिसरा प्रकार माणसामाणसांतील हितसंबंधांचा, अर्थ लावण्याचा आणि उपाय निवडण्याचा आहे. अनेक बाजू पाहण्याची गरज मुख्यतः येथे आहे. आणि जीवनातील बहुतेक भांडणे याच प्रकारची असतात.

दुसऱ्याची बाजू समजून घेणे म्हणजे ती मान्य करणे नव्हे. कुरआनकडेच पाहा. फिरऔनचे युक्तिवाद, कुरैशच्या सरदारांचे आक्षेप, इतकेच काय, इब्लीसची सबबसुद्धा कुरआनने झाकून ठेवलेली नाही. विरोधकाचे म्हणणे मांडले आहे आणि मग त्याचे उत्तर दिले आहे. इमाम गजाली (रह.) यांनी तत्त्वज्ञांचे खंडन करण्यापूर्वी त्यांच्या विद्येचा सखोल अभ्यास केला. एखाद्या मताची खोली जाणल्याशिवाय त्याचे खंडन करणे म्हणजे अंधारात तीर मारणे, अशी त्यांची धारणा होती. तत्त्वज्ञांची मते मांडणारा त्यांचा ‘मकासिदुल फलासिफा’ हा ग्रंथ इतका प्रामाणिक उतरला की लॅटिन भाषांतर वाचणाऱ्या युरोपातील कित्येक विद्वानांनी गजालींनाच त्या मतांचे पुरस्कर्ते मानले. दुसऱ्याचे म्हणणे जसेच्या तसे मांडणे ही एक अमानत आहे. जुलूम करणाऱ्याचे समर्थन करणे वेगळे, आणि तो कोणत्या युक्तिवादाने स्वतःची समजूत घालतो हे ओळखणे वेगळे. दुसरी गोष्ट शिकलेला विद्यार्थी जुलमाला सहजासहजी फसत नाही.

घाटकोपरची टेकडी : एक नमुना पाठ

आता प्रत्यक्ष वर्गाकडे वळू. मुलांना दूरच्या देशाचा प्रश्न देण्याऐवजी त्यांच्या डोळ्यांसमोरचा द्यावा. घाटकोपरच्या शाळांसाठी असा प्रश्न टेकडीच्या उतारावरच उभा आहे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तिच्या डब्यातून असल्फा स्थानकाजवळ टेकडीवर चढत गेलेली घरे दिसतात. काही वर्षांपूर्वी स्वयंसेवकांनी त्यांतील अनेक घरांच्या भिंती तेजस्वी रंगांनी रंगविल्या. मेट्रोतील प्रवाशाला ते रंग दिसतात. त्या घरांत राहणाऱ्या मुलाला अरुंद पायऱ्या, पाण्याचे हंडे आणि जूनमधील पहिल्या मोठ्या पावसाची रात्र दिसते. टेकडी एकच आहे. पाहण्याच्या जागा दोन आहेत.

ती रात्र भयाची का असते, हेही मुलांना सांगावे. १२ जुलै २००० रोजी घाटकोपर पश्चिमेच्या आझादनगर वस्तीवर दरड कोसळली आणि साठहून अधिक माणसे दगावली. २६ जुलै २००५ च्या महापावसात साकीनाका परिसरात दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात घरे गाडली गेली. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी महानगरपालिका धोकादायक उतारांवरील रहिवाशांना स्थलांतराच्या नोटिसा देते, आणि दरवर्षी बहुतेक कुटुंबे तेथेच राहतात. ती का राहतात? येथून पाठाचा आरंभ करावा. आठवी ते दहावीच्या वर्गासाठी दोन तास पुरेसे आहेत.

पहिली पायरी : वस्तुस्थिती. फळ्यावर केवळ तपासलेली माहिती लिहावी. कोणत्या तारखेला काय घडले, कायदा काय सांगतो, संरक्षक भिंती कोण बांधते, पुनर्वसनाची पात्रता कशी ठरते. ‘लोक म्हणतात’ अशा गोष्टी वेगळ्या स्तंभात लिहाव्यात आणि त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे हे माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, असा आशय सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आला आहे. तो येथे मुलांना सांगावा.

दुसरी पायरी : बाजूंची वाटणी. वर्गाचे सहा गट करावेत आणि प्रत्येकाला एक बाजू द्यावी.

पहिला गट उतारावर वीस-पंचवीस वर्षे राहिलेल्या कुटुंबाचा. त्यांचे काम, मुलांची शाळा, दवाखाना, मशीद, नातलग सर्व दोन-तीन किलोमीटरच्या आत आहे. नोटीस निघून जा म्हणते. कोठे जा ते सांगत नाही. त्यांना माहुलचा अनुभव ठाऊक आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्यांतून हलविलेल्या कुटुंबांना तेल शुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या माहुलमध्ये घरे मिळाली. प्रदूषणाने हैराण झालेल्या रहिवाशांनी २०१८ मध्ये घाटकोपरशेजारच्या विद्याविहारला रस्त्यावर बसून आंदोलन केले. पुढे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय दिला.

दुसरा गट भाडेकरूचा. मोफत पुनर्वसनासाठी १ जानेवारी २००० पूर्वीची आणि सशुल्क घरासाठी १ जानेवारी २०११ पूर्वीची वस्ती पाहिली जाते. नंतर आलेला भाडेकरू या हिशेबात कोठेच बसत नाही, पण दरड कोसळताना ती पात्र-अपात्र पाहत नाही.

तिसरा गट टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचा. वर खोदकाम झाले, सांडपाणी मुरले, झाडे गेली की माती खाली येते ती त्यांच्या घरावर.

चौथा गट पालिकेच्या अभियंत्याचा. नोटीस दिली नाही तर जीवितहानीचा जाब त्याला विचारतील; दिली तर निर्दय म्हणतील. देण्यासाठी घर त्याच्या हाती नाही. संरक्षक भिंतींची बरीचशी कामे म्हाडाकडे आहेत, आणि जमिनीचा मालक कोण हा प्रश्न निराळाच.

पाचवा गट इमारतीत राहणाऱ्या करदात्याचा. टेकडी सर्वांची आहे, नियम सर्वांना सारखे असावेत, असे तो म्हणतो. त्याच्या घरी काम करणारी ताई आणि त्याचा रिक्षावाला याच टेकडीवरून खाली येतात, हेही त्याने विसरू नये.

सहावा गट कायद्याचा. पत्रकार ओल्गा टेलिस आणि पदपथावरील रहिवाशांच्या खटल्यात १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. हटविण्यापूर्वी माणसाला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे, या तत्त्वावर न्यायालयाने भर दिला. अली (र.) यांना मिळालेल्या शिकवणीशी या तत्त्वाचे असलेले साम्य विद्यार्थ्यांना स्वतः शोधू द्यावे.

तिसरी पायरी : अदलाबदल. हीच या पाठाची खरी कसोटी आहे. प्रत्येक गटाने आपली बाजू मांडल्यावर दुसऱ्या गटाने तीच बाजू स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगावी. पहिला गट ‘होय, आमचे म्हणणे हेच आहे’ असे म्हणेपर्यंत उत्तर द्यायला उभे राहू नये. आरंभी मुलांना हे जड जाते. समोरचा बोलत असताना आपण ऐकत नव्हतो, उत्तर जुळवीत होतो, हे त्यांच्या ध्यानात येते. ही जाणीव एकदा झाली की पुढचे काम सोपे होते.

चौथी पायरी : अनुपस्थित आवाज. शिक्षकाने विचारावे, ‘येथे कोणाचे म्हणणे आलेच नाही?’ मुले शोधू लागतात. रात्री अंधाऱ्या पायऱ्या उतरणारी गर्भवती, अंथरुणाला खिळलेले आजोबा, दरडीत आई-वडील गमावलेले मूल. ज्यांना बोलावलेच नव्हते, त्यांच्याजवळ कधी कधी सर्वांत मोलाची माहिती असते.

पाचवी पायरी : निर्णय. चर्चा निर्णयाविना सोडू नये. सर्व ऐकून कोणतेच मत न बनविणे म्हणजे ज्ञानाचा उपयोगच न करणे होय. जे लक्षपूर्वक ऐकतात आणि त्यातील सर्वोत्तमाचे अनुसरण करतात, त्यांना सूरह अज्-जुमरमध्ये (३९:१७-१८) शुभवार्ता दिली आहे. म्हणजे ऐकण्यानंतर निवड आहेच. प्रत्येक विद्यार्थ्याने एका पानात आपला निर्णय व त्याची कारणे लिहावीत, आणि शेवटी दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. पहिला, माझ्या निर्णयाने ज्याचे नुकसान होईल तो उद्या सकाळी कोठे उभा राहील? दुसरा, कोणती माहिती मिळाली तर मी माझे मत बदलीन?

पहिला प्रश्न मेंढपाळाच्या खटल्यातील आहे. या प्रश्नामुळे मुले ‘हलवा’ आणि ‘राहू द्या’ या दोन टोकांपलीकडचे मार्ग शोधू लागतात. पावसाळ्यापुरती जवळच्या इमारतीत सोय, सर्वांत धोक्याच्या घरांपासून क्रमाने स्थलांतर, पुनर्वसन शक्यतो याच परिसरात, भाडेकरूंचीही नोंद, भिंत व गटार यांची पावसाळ्यापूर्वी पाहणी. कोणता मार्ग कितपत शक्य आहे, हे त्यांनी पुन्हा फळ्यावरील वस्तुस्थितीशी ताडून पाहावे.

शिक्षकांसाठी चार सूचना

पहिली : अशा वर्गात टेकडीवर राहणारी मुले असतातच. त्यांना उभे करून ‘तू सांग, तुझ्या घरी काय होते’ असे विचारू नये. त्यांना हवे तर ती बोलतील. कोणाचे घर, कोणाची गरिबी चर्चेचा नमुना होता कामा नये. परस्परांचा उपहास करू नये आणि टोपणनावे ठेवू नयेत, ही सूरह अल्-हुजुरातमधील आज्ञा (४९:११) वर्गाचा पहिला नियम असावी.

दुसरी : शिक्षकाने आपले मत आरंभी सांगू नये. मुले गुणांसाठी तेच मत लिहितात. शेवटी विचारले तर प्रामाणिकपणे सांगावे आणि त्यावरही प्रश्न विचारू द्यावेत.

तिसरी : मोठ्याने बोलणाऱ्यालाच सगळा वेळ मिळू नये. प्रथम दोन मिनिटे सर्वांनी शांतपणे लिहावे, मग बोलावे. लाजऱ्या मुला-मुलींचे विचार अशाने पुढे येतात.

चौथी : गुण देताना निर्णय कोणता, हे पाहू नये. दुसऱ्याची बाजू किती प्रामाणिकपणे मांडली, माहिती तपासली काय आणि कारणे सुसंगत आहेत काय, हे पाहावे.

घर हा पहिला वर्ग

शाळेत आठवड्यातून एक तास असा मिळेल. घरात दररोज मिळतो. दोन भावंडे भांडत आली की जे आधी रडत येते त्याच्या बाजूने निकाल देण्याची सवय आपण मोडावी. दोघांना समोर बसवावे, एकाचे बोलणे पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याने बोलू नये, आणि निकालापूर्वी प्रत्येकाने दुसऱ्याचे म्हणणे सांगावे. शेजाऱ्याविषयी, सासरच्या मंडळींविषयी, दुसऱ्या जमातीविषयी किंवा दुसऱ्या धर्माच्या लोकांविषयी जेवताना काही बोलले गेले, तर मुलाला निःसंकोच विचारता यावे की ‘अब्बा, त्यांचे काय म्हणणे आहे ते आपण विचारले का?’ या प्रश्नावर त्याला दरडावले तर तो पुन्हा विचारणार नाही. त्याचे कौतुक केले तर तो न्यायनिष्ठ साक्षीदार होण्याच्या वाटेला लागेल.

आपला मुलगा उद्या पंचायतीत, कार्यालयात, मशिदीच्या कमिटीत बसेल. आपली मुलगी शिक्षिका, वकील किंवा अधिकारी होईल, एका कुटुंबाची कर्ती होईल. त्यांच्यापुढे कोणाचे तरी शेत आणि कोणाच्या तरी मेंढ्या येणारच आहेत. त्या दिवशी त्यांनी पहिल्या आवाजावर निकाल द्यावा की दोघांचे ऐकावे, हे आज आपण त्यांना कसे वाढवितो यावर बरेचसे अवलंबून आहे.

चिंतनासाठी व चर्चेसाठी

१. बनू कुरैजाच्या प्रसंगातील दोन्ही गटांची कारणे आपल्या शब्दांत लिहा. तुम्ही तेथे असता तर कोणती नमाज निवडली असती आणि का?

२. सर्ग येथे उमर (र.) यांनी किती गटांना विचारले? एकदाच सर्वांना एकत्र बोलाविण्यापेक्षा याचा लाभ काय झाला असेल?

३. मागील महिन्यात तुम्ही एखाद्याविषयी मत बनविले असेल, तर त्याचे म्हणणे ऐकले होते काय? नसेल तर या आठवड्यात ऐकून या.

४. आपल्या वस्तीतील एक वादग्रस्त प्रश्न निवडा, त्याच्या किमान चार बाजू लिहा आणि पाचवी, कोणीही न मांडलेली बाजू शोधा.

हे अल्लाह, आम्हाला व आमच्या मुलांना ऐकण्याचे धैर्य, समजण्याची शक्ती आणि न्यायावर ठाम राहण्याची तौफीक दे. आमीन.